हिरकणीची मुदी

माझ्या लहानपणी आमच्या वाड्यावर जे साखरपुडे झाले त्यांत अंगठी कुठेच नव्हती. साखरपुडा म्हणजे साखरेचा पुडाच. मुलाकडची चार माणसं यायची, मुलीच्या ओटीत खणनारळ आणि साखरेचा पुडा पडायचा, भटजी दोन मंत्र म्हणायचे, चहा-शिरा व्हायचा आणि मंडळी परत. मुदी म्हटली की ती आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडची. आमच्याकडे अंगठी यायची ती लग्नात, आणि तीही सासऱ्याकडून जावयाला. मुलीच्या बोटात अंगठी घालायची, तीसुद्धा हिऱ्याची, हे आम्ही आधी हिंदी सिनेमात पाहिलं आणि मग गावातल्या हॉलच्या स्टेजवर पाहू लागलो. आता तर अंगठ्यांचा कार्यक्रम नसेल तर फोटोग्राफरच नाराज होतो.

असो. गेल्या वर्षी माझ्या पुतण्याचं लग्न ठरलं. तो पिथमपूरला, म्हणजे इंदूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत, एका औषध कंपनीत तीन वर्षं आहे. मुलगी इंदूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दोघांचं तिथेच जमलं. तिचं घर देपालपूरला. हे इंदूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर. सोयाबीन, गहू, लसूण पिकवणारा हा मुलूख. घर मराठी. होळकरांच्या राज्यात त्यांचे कुणी पूर्वज दप्तरी कामाला आले ते तिकडचेच झाले. वडील निवृत्त शिक्षक, थोडी शेती. साखरपुडा देपालपूरलाच करायचा ठरला आणि अंगठी घेण्याचं काम माझ्याकडे आलं. कारण काय, तर म्हणे मला हिशेब कळतो. मी एका सरकारी कचेरीत कारकून आहे. लोकांना वाटतं कारकुनाला फक्त सही कुठे करायची ते कळतं. पण खरं सांगायचं तर कारकुनाला कागद वाचता येतो, आणि हिरा घेताना तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

थोरल्या भावाने आकडा दिला होता साठ हजारांचा. मुलाच्या डोक्यात वेगळाच आकडा होता. मुलाने दोन महिन्यांच्या पगाराची अंगठी घ्यायची असते असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. "काका, हांव लोन काडटां," असं त्याने फोनवर सांगून टाकलं. हे दोन पगारांचं शास्त्र कुठून आलं ते मी त्याला सांगितलं, ते तुम्हालाही सांगतो. दक्षिण आफ्रिकेत १८६७ नंतर हिऱ्यांचे साठे सापडले आणि हिरा राजेरजवाड्यांपुरता दुर्मिळ राहिला नाही. १८८८ साली स्थापन झालेल्या डी बिअर्स कंपनीने मग माल हळूहळू सोडून भाव टिकवला. पण गिऱ्हाईक हवंच ना. १९३८ मध्ये कंपनीने फिलाडेल्फियाच्या एन. डब्ल्यू. एयर या जाहिरात संस्थेला गाठलं आणि १९४७ मध्ये तिथल्या फ्रान्सेस गेरेटी या बाईने हिरा चिरंतन असतो अशा अर्थाची ओळ लिहिली. आपण टीव्हीवर 'हीरा है सदा के लिए' ऐकलं ते तिचंच हिंदी रूप. दोन पगारांचा हिशेब हासुद्धा जाहिरातीतूनच आला. जपानमध्ये १९६७ साली वाङ्‌निश्चयाला हिऱ्याची अंगठी घेणाऱ्या मुली शंभरात पाचही नव्हत्या, १९८१ पर्यंत त्या साठाच्या आसपास गेल्या. चौदा वर्षांत इतकी जुनी परंपरा तयार झाली! आपली परंपरा साखरेच्या पुड्याची, तिला निदान मुंग्या तरी लागतात.

पुतण्या हसला, पण पटलं नव्हतं. वहिनीचा प्रश्न निराळाच होता, हिरा लाभतो की नाही ते पत्रिकेवरून पाहायला नको का? हिरा शुक्राचा. तो विषय मी भावाकडे सोपवला.

आता हे वाचून कुणाला वाटेल की गोव्याचा आणि हिऱ्याचा संबंध काय. संबंध जुना आहे. ब्राझीलमध्ये अठराव्या शतकात हिरे मिळाले, तोपर्यंत जगाला हिरे पुरवणारा देश मुख्यतः आपलाच. कृष्णेकाठच्या कोल्लूरसारख्या खाणींतला माल गोवळकोंड्याच्या बाजारात यायचा आणि त्यातला पुष्कळसा सोळाव्या-सतराव्या शतकांत गोव्याच्या बंदरातून लिस्बनला जायचा. तावेर्निये हा फ्रेंच जव्हेरी गोव्यात येऊन गेला तो उगाच नव्हे. पणजीत चर्चसमोरच्या उद्यानाला ज्याचं नाव आहे त्या गार्सिया द ओर्ताने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात हिऱ्यावर एक अख्खा संवाद लिहिला आहे. हिरा हे विष आहे ही समजूत त्याने खोडून काढली. (आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतली पात्रं तरीही हिरकणी खाऊन प्राण देत राहिली.) हिरा हातोडीने फुटत नाही हीदेखील चूक असं त्याने सांगितलं. ही दुसरी गोष्ट पुढे आम्हाला कामी आली.

मडगावहून मुंबई आणि मुंबईहून अवंतिका एक्सप्रेस. इंदूरला उतरलो त्या दिवशी संध्याकाळी सराफ्यात गेलो. राजवाड्याला लागून असलेला हा बाजार दिवसा दागिन्यांचा, आणि रात्री दुकानांची शटरं खाली आली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात. भुट्ट्याचा कीस, दहीवडे, थंडीत गराडू. सोन्याच्या भावाने तोंडाची चव गेली असेल तर परत आणायची सोय लगेच समोर! मुलगीही कामावरून थेट आली होती. तिनेच निवडायची हे आधी ठरलं होतं. अंगठी आश्चर्याची भेट म्हणून द्यायची कल्पना मला पटत नाही. जी वस्तू माणसाने रोज बोटात घालायची ती त्याला विचारून घ्यावी, आणि बोटाचं मापही त्यामुळे बरोबर येतं.

साठ हजार म्हणजे किती, हे मी आधी कागदावर मांडलं होतं. २०२५ मध्ये सोन्याने दहा ग्रॅमला लाखाचा टप्पा ओलांडला, तेव्हापासून आपल्यासारख्यांच्या हिऱ्याच्या अंगठीत निम्मा पैसा सोन्यातच जातो. (सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतो. आपल्या आजीचा तोळा सव्वा अकरा ग्रॅमच्याही वर होता.) हिरा बावीस कॅरेटच्या सोन्यात सहसा बसवत नाहीत, ते मऊ पडतं. अठरा कॅरेट घ्यायचं, म्हणजे हजारात साडेसातशे भाग सोनं. हॉलमार्कवर ७५० हा आकडा असतो आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांकही लागतो. तीन ग्रॅमची अंगठी धरली तर शुद्ध सोनं सव्वादोन ग्रॅम. तोळ्याचा भाव हिशेबाला एक लाख वीस हजार धरला तर सत्तावीस हजार त्याचेच. घडणावळ साडेचार हजार. तीन टक्के जीएसटी आतूनच काढायचा, तो साडेसतराशेच्या आसपास. हिऱ्याला राहिले पावणेसत्तावीस हजार. आणि लक्षात ठेवा, हॉलमार्क हा सोन्याचा. हिऱ्याबद्दल तो चकार शब्द बोलत नाही.

हिऱ्याचा कॅरेट वेगळा, तो वजनाचा. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम आणि त्याचे शंभर सेंट. आमच्या पैशांत पाव कॅरेटच्या आगेमागे, पंचवीस-अठ्ठावीस सेंट. भाव सेंटागणिक सरळ चढत नाही, पायरीपायरीने चढतो. तीस, पन्नास, शंभर सेंट या पायऱ्या. तीस सेंटच्या दगडाला जी उडी बसते ती अठ्ठावीसला बसत नाही, आणि अठ्ठावीस आणि तीस यांतला फरक डोळ्याला कळत नाही. आमच्या कचेरीत पे-स्केलचं असंच असतं.

पहिल्या दुकानात सेल्समनने मखमलीवर तीन हिरे ठेवले आणि सगळा भर 'व्हीव्हीएस' या अक्षरांवर दिला. म्हणजे दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातूनही जाणकाराला मोठ्या मुश्किलीने दिसेल इतका बारीक डाग. मी विचारलं, नुसत्या डोळ्याला याच्यात आणि दोन इयत्ता खालच्या एसआय-१ मध्ये काय फरक दिसतो? तो म्हणाला, कुछ नहीं, पर दिल को तसल्ली. त्या तसल्लीचे पैसे बरेच होते. माझं मत विचाराल तर कमी पैशांत शुद्धतेवर खर्च करू नये. डाग मध्यभागी काळा नसावा, वरून दिसू नये, बस्स. रंगाचंही तेच. अमेरिकेतल्या जीआयए संस्थेने (स्थापना १९३१) डी ते झेड अशी रंगाची उतरंड लावली आहे. पिवळ्या सोन्यात बसवायचा असेल तर एच किंवा आयसुद्धा चालतो, कारण सोन्याचाच पिवळेपणा त्यावर पडतो आणि दगडाचा वेगळा ओळखू येत नाही. पांढऱ्या सोन्यात मात्र ही सवलत नाही.

पैसे घालायचे ते पैलूंवर. आपण माणसालाही पैलू पाडतो म्हणतो, पण पैलू म्हणजे काय ते भिंगातून पाहिल्यावरच कळलं. गोल ब्रिलियंट हिऱ्याला सत्तावन्न-अठ्ठावन्न पैलू. ते कोणत्या कोनात असावेत याचं गणित मार्सेल टॉल्कोव्स्की याने १९१९ साली मांडलं. कोन बरोबर असले तर वरून शिरलेला उजेड आत उलटून परत वरच येतो. कोन चुकले तर तो खालून गळून जातो आणि दगड मधोमध मंद दिसतो. कारागीर कधीकधी वजन वाचवायला हिरा खोल ठेवतात. वजन पोटात आणि तोंड लहान! दुसऱ्या दुकानात एकाच वजनाचे दोन हिरे शेजारी ठेवले तेव्हा एक उघडउघड मोठा दिसत होता. तो घ्यायचा. आणि पाहायचा कुठे? दुकानातल्या दिव्याखाली गारगोटीही चमकते. आम्ही दुकानाच्या दारात, रस्त्याच्या साध्या उजेडात जाऊन पाहिला. सेल्समन सोबत आला. नाही कोण म्हणतो!

एका दुकानात 'बायबॅक नव्वद टक्के' असं तोंडी सांगितलं. मी म्हटलं, बिलावर लिहा. ते लिहीत नव्हते. आम्ही उठलो. कारकुनाच्या दुनियेत जे लिहिलेलं नाही ते झालेलंच नाही. हिरा ही सोन्यासारखी ठेव नव्हे हे आपल्या लोकांना एकदा स्पष्ट सांगायला हवं. माझ्या कॉलेजची फी एका वर्षी आईच्या पाटल्यांवर निघाली, सोसायटीत गहाण ठेवून. त्या जागी हिऱ्याची अंगठी असती तर मूल्य ठरवणाऱ्या सराफाने खड्याचं वजन वजा करून उरलेल्या सोन्यावरच कर्ज दिलं असतं. तेव्हा हिऱ्याला दिलेले पैसे खर्च या सदरात टाकावेत, बचतीत नव्हे, आणि मग झेपेल तेवढेच द्यावेत.

तिसऱ्या दुकानात म्हातारे मालक स्वतः बसले होते. त्यांनी एक ट्रे पुढे केला आणि न विचारता सांगितलं, हे लॅबग्रोन. कारखान्यात वाढवलेला हिरा हा खोटा नव्हे. तोही कार्बनच, तितकाच कठीण, आणि हिरा ओळखायचं साधं उष्णतेचं यंत्रही त्याला हिराच म्हणतं. अमेरिकन डायमंड म्हणतात तो झिर्कोनियाचा खडा वेगळा. २०२३ च्या जूनमध्ये पंतप्रधानांनी जिल बायडन यांना साडेसात कॅरेटचा हिरा भेट दिला तो असाच वाढवलेला. सुरतेत आता हे हिरे मोठ्या प्रमाणावर होतात, त्यामुळे भाव कोसळले आहेत. आमच्या पावणेसत्तावीस हजारांत तिथे जवळजवळ एक कॅरेटचा दगड मिळत होता. समोर ठेवला, तर पाव कॅरेटवाला त्याच्यापुढे तांदळाच्या कणीसारखा दिसू लागला. पुतण्याचे डोळे चमकले. लोन नको, बजेट तेच, आणि बोटावर साडेसहा मिलिमीटरचा हिरा!

मुलीने तो बोटात घातला, हात लांब धरून पाहिला आणि काढून ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, एक सांगू? तुम्ही जितक्याची घ्याल ना, बाबा तितक्याची घेणार. ते विचारणार नाहीत, बघून अंदाज लावतील."

आम्ही गोव्याहून निघताना सगळा हिशेब केला होता, त्यात हा रकाना नव्हता. साखरपुड्यात अंगठ्या दोन असतात. आमची मुदी बोटात गेली की तिची किंमत व्याह्यांच्या डोक्यावर. मोठा लॅबग्रोन दिसायला दीड-दोन लाखांचा. देपालपूरच्या नातेवाइकांत कुणाला भिंग लावून पाहायचं आहे? ते बोटाकडे पाहणार, मग तिच्या वडिलांकडे पाहणार. आणि ते मास्तर, स्वाभिमानी माणूस, सोयाबीनच्या पैशांतून किंवा कुणाकडून उचल घेऊन, जावयाच्या बोटात तेवढ्या तोलाचं सोनं घालणार. आम्ही स्वस्तात घेतलेल्या हिऱ्याची खरी किंमत त्यांनी मोजायची. आणि लोन काढून घेतली असती तर तिकडेही एक लोन निघालं असतं, त्याचा हप्ता आम्हाला कधी दिसलाही नसता.

पुतण्या गप्प झाला. मग त्यानेच विचारलं, "मग केवढ्याची?"

"चाळीसच्या आसपास," ती म्हणाली. "बाबांनी मनात तेवढेच धरलेत. आईने सांगितलंय."

पुन्हा कागद काढला. अंगठी बारीक केली, सव्वादोन ग्रॅमच्याही आत, २.२ ग्रॅम. शुद्ध सोनं १.६५ ग्रॅम, एकोणीस हजार आठशे. घडणावळ छत्तीसशे. हिरा अठ्ठावीसवरून बावीस सेंटवर आणला. वजन पाचव्या हिश्शाहून जास्त कमी झालं, पण व्यास ४.२ मिलिमीटरवरून ३.९ वर आला इतकंच. लॅबग्रोन घ्यायचा की खाणीतला, हे मी त्या दोघांवर सोडलं. लहान लॅबग्रोन घेतला असता तर आणखी काही हजार वाचले असते, आणि माझी त्याला हरकत नव्हती. फक्त बिलावर तो शब्द स्वच्छ लिहून घ्यायचा आणि दोन्ही घरी सांगायचा. तिने खाणीतला निवडला. कारण विचारलं तर म्हणाली, दिवसभर मशीनमधून निघालेले आकडेच बघते, हे एक जमिनीतून निघालेलं असू दे. मालक म्हणाले, हमारे एमपी में तो पन्ना की ज़मीन से निकलता है. खरंच आहे. पन्ना जिल्ह्यात अजूनही कुणीही अल्पशी फी भरून आठ बाय आठ मीटरचा तुकडा खोदायला घेऊ शकतो. २०२४ मध्ये एका मजुराला तिथे १९.२२ कॅरेटचा हिरा मिळाला. सापडलेला हिरा सरकारी कार्यालयात जमा करायचा, लिलाव होतो, रॉयल्टी आणि कर कापून बाकी खोदणाऱ्याला. आमची बावीस सेंटची कणी पन्नाची होती असं मात्र मालक म्हणाले नाहीत, आणि त्यामुळेच मला ते आवडले.

हिरा साडेसतरा हजार. एच रंग, एसआय-१, पैलू उत्तम. सगळं मिळून चाळीस हजार नऊशे, जीएसटी बाराशे सत्तावीस. एकूण बेचाळीस हजार एकशे सत्तावीस. प्रमाणपत्राचा क्रमांक हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला असतो. तो भिंगातून वाचला आणि मोबाइलवर प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर ताडून पाहिला. बदलून घेण्याची अट बिलावर लिहून घेतली. मालकांनी लिहिली, खाली सही केली.

राहिलं कोंदण. सिनेमातली अंगठी उंच दात्यांवर हिरा धरते. ही मुलगी दिवसभर रबरी हातमोजे घालते आणि काढते. दाते मोज्यात अडकणार, आणि हिरा कितीही कठीण असला तरी कडेला ठोकर बसली तर टवका उडतो. ओर्ताने साडेचारशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलंच होतं. म्हणून चारी बाजूंनी सोन्याची कड वळवलेलं बंद कोंदण घेतलं, बोटाला लागून बसणारं. त्याने हिरा दिसतोही थोडा मोठा.

त्या रात्री गाडीवर उभं राहून भुट्ट्याचा कीस खाताना पुतण्याला मी होळकरांची गोष्ट सांगितली. याच इंदूरच्या तिसऱ्या तुकोजीरावांनी पॅरिसच्या शोमे या जव्हेऱ्याकडून पेराच्या आकाराचे दोन हिरे घेतले होते, एकेक जवळजवळ सत्तेचाळीस कॅरेटचा. 'इंदूर पेअर्स' म्हणून ते जगभर प्रसिद्ध. त्यांच्या सूनबाई संयोगिताराजे, कागलच्या, यांचं ते हिरे घातलेलं चित्र बुते द मोंवेल या फ्रेंच चित्रकाराने काढलं आहे. १९४६ साली हॅरी विन्स्टनने हिरे विकत घेतले आणि ते अमेरिकेला गेले. "म्हणजे आमच्या मुदीच्या चारशेपट," पुतण्या मनात हिशेब करून म्हणाला. तोही कारकुनाच्याच घरातला.

साखरपुडा देपालपूरला घरच्या अंगणात झाला. व्याह्यांनी जावयाला साधी सोन्याची अंगठी घातली, बावीस कॅरेटची, हॉलमार्कवाली. वजन किती ते मी विचारलं नाही, पण अंदाज लावला आणि मला हायसं वाटलं. आमच्या बाजूची एक मावशी माझ्या कानाशी लागून "इतलोच?" म्हणालीच. मुलीच्या आजीला नीट दिसत नाही. तिने नातीचा हात हातात घेतला, अंगठीवरून बोट फिरवलं, उन्हाकडे वळवून डोळ्यांजवळ नेलं. "हिरकणी आहे होय," म्हणाली. मराठीत बारीक हिऱ्याला हा शब्द आहेच, पण इतक्या लांब माळव्यात, आमच्याकडे विसरलेला, तो असा सहज ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. मग तिने आम्हाला रायगडाच्या गवळणीची गोष्ट सांगितली, जणू आम्हाला ती ठाऊकच नव्हती. आम्ही पूर्ण ऐकली.

बिल आणि प्रमाणपत्र मी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मुलीच्या हाती दिलं, झेरॉक्स भावाकडे. सोमवारी ती कामावर गेली. दुपारी पुतण्याने फोन करून विचारलं, मोजा अडकतो का. नाही अडकत, म्हणाली.